अर्धा उमटलेला शिक्का

बंदी क्र. ४४१७, बराक ३
कारागृहातून
४ मार्च २०१९

ती. रंगरावकाकांस,
दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचा ‘तपासले’ हा शिक्का पाहून तुम्हाला बरं वाटलं असेल. माझं लिहिलेलं तुमच्याआधी कुणीतरी तपासतं, ही गोष्ट माझ्या लहानपणीच व्हायला हवी होती असं तुम्ही काकूला म्हणालाही असाल. पत्र वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार.

आता काम. गेल्या महिन्यात इथे सरकारी आरोग्य शिबिर झालं. हिपॅटायटिस सी नावाची एक कावीळ आहे. ती डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं यकृत पोखरत बसते. कैद्यांत ती जास्त सापडते म्हणून सगळ्यांची सरसकट तपासणी. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर टाकायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मी गेलो ते आरोग्याच्या काळजीने नाही. रांग झाडाच्या सावलीत होती आणि बराकीत उकडत होतं. दहा वर्षं पोरांना सॉफ्टवेअरचं टेस्टिंग शिकवलं, पण स्वतःची टेस्ट करून घ्यायची ही पहिलीच वेळ. पट्टीवर दोन रेघा आल्या. मग दंडातून रक्त घेऊन मोठी तपासणी केली, तिनेही तेच सांगितलं. साडेसहाशे जणांत आम्ही अकरा निघालो.

चांगली बातमी अशी की यावर आता गोळ्या आहेत. रोज दोन, बारा आठवडे. सरकार फुकट देतं आणि रोग मुळापासून जातो. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “नशीबवान आहात. बाहेर असता तर कळलंही नसतं.” इथे आल्यापासून मला कुणी नशीबवान म्हटलं ते हे पहिल्यांदाच.

बाईंना एक माहिती हवी आहे. मी नशेच्या सुया मारून घेत नाही, गोंदवून घेतलं नाही, मग हे आलं कुठून? पूर्वी कधी ऑपरेशन झालंय का, रक्त चढवलंय का, असं त्या विचारतात. कात्रजच्या अपघाताची १९९७ची फाईल तुमच्या कपाटात असणारच. तुमच्याकडून कागद हरवल्याचं मला आठवत नाही. तिची झेरॉक्स पाठवाल का? माझ्या रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. गोळ्या २५ तारखेपासून सुरू होतील.

काकूला नमस्कार. तिची तब्येत कशी आहे? तुमची विचारत नाही, तुम्ही ‘उत्तम’च लिहिणार.

आपला,
दत्तू


खडकी, पुणे
१५ मार्च २०१९

चि. दत्तप्रसाद यास,
आशीर्वाद. (अनेक नाहीत. आधीच्या अनेकांचं तू काय केलंस ते पाहता एक पुरे.)

तुझं पत्र आणि त्यासोबतचा तथाकथित रिपोर्ट मिळाला. मी कारखान्याच्या तपासणी विभागात तेहेतीस वर्षं काढली आहेत. माझ्या टेबलावरून नापास माल पुढे गेला नाही, आणि तुझा हा माल नापास आहे. रिपोर्टावर तुझं वय ४३ लिहिलं आहे. तू ३३ वर्षांचा आहेस. आत राहून माणूस शहाणा होत असेल, पण दहा वर्षांनी म्हातारा होत नाही. शिक्का अर्धाच उमटला आहे; उरलेला अर्धा बहुधा टेबलावर राहिला. सही निळ्या शाईत, तिच्याखालची तारीख काळ्या शाईत. असला ढिसाळ कागद कुठली सरकारी प्रयोगशाळा बाहेर सोडेल?

तुझ्या कागदांचा मला अनुभव आहे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या पोरांना हिंजवडीत नोकरी लागावी म्हणून तू दोन-दोन वर्षांच्या अनुभवाची प्रमाणपत्रं वाटलीस. ‘शेडगे सिस्टिम्स प्रायव्हेट लिमिटेड’ ही कंपनी माझ्या घराच्या पत्त्यावर थाटलीस. त्या प्रमाणपत्रांवर ‘आर. एस. शेडगे, जनरल मॅनेजर’ अशी माझी सही ठोकलीस. एकेचाळीस वेळा! वर खात्री करायला कंपन्यांचे फोन आले तेव्हा “मिस्टर शेडगे आहेत का?” असं विचारल्यावर मी भाबडेपणाने “हो, मीच” म्हणालो, आणि त्या पोरांच्या नोकऱ्या पक्क्या झाल्या. पोलिस दारात येईपर्यंत मी जनरल मॅनेजर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता आजाराच्या नावाखाली लवकर सुटायचा बेत दिसतो. तुझे आईवडील गेल्यावर मी तुला वाढवलं ते असल्या गोष्टींना हातभार लावायला नाही. मी अधीक्षकसाहेबांना रजिस्टर पोस्टाने कळवलं आहे की सदर अहवाल संशयास्पद असून, सदर बंदीचा पूर्वेतिहास पाहता त्याची कसून पडताळणी व्हावी. पोचपावती माझ्याकडे आहे.

आणखी एक. तुझ्या अंगात माझं रक्त आहे. कात्रजच्या अपघातात ते मी दिलं, हे तुला दर वाढदिवसाला सांगत आलो आहे. भिंतीवर रक्तदानाची सव्वीस प्रमाणपत्रं आहेत, सगळी अस्सल. त्या रक्तात असला रोग असणं शक्य नाही.

माझी प्रकृती उत्तम.

तुझा काका,
रं. शं. शेडगे
(सही खरी आहे.)

दत्तू, पाकीट चिकटवून पेटीत टाकायचं काम माझ्याकडं, म्हणून मागच्या बाजूला लिहिते. ह्यांचं मनावर घेऊ नको. पण बाळा, तू खरंच आजारी हायस का? मला तरी खरं सांग. आणि उत्तम-बित्तम काही नाही, ह्यांचे पाय सुजतात. उन्हानं सुजतात म्हणतात. – काकू


कारागृहातून
६ एप्रिल २०१९

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

पोचपावती तुमच्याकडे आहे, पोच मला मिळाली. अधीक्षकसाहेबांनी मला बोलावून तुमचं पत्र वाचून दाखवलं. शुद्धलेखनाचं कौतुक केलं. “सख्खा काकाच असं लिहितो म्हटल्यावर आम्हाला पडताळणी करावीच लागेल,” म्हणाले. माझं नाव यादीतून काढलं. बाकीच्या दहा जणांच्या गोळ्या २५ मार्चला सुरू झाल्या. त्यांत आमचा संपत आहे. तो इथला न्हावी. शिबिरानंतर तो प्रत्येकाला नवीन ब्लेड लावतो आणि प्रत्येकाला ते सांगतोही. रोज सकाळी गोळी घेऊन आला की मला म्हणतो, “तुमचा काका लई कडक माणूस, दत्ताभाऊ. आपल्याला नसला बुवा असला काका.”

माझं रक्त आता पुन्हा घेणार. या वेळी दोन शिपाई हजर, बाटलीवर माझा अंगठा, लाखेचं सील. कारागृहाच्या इतिहासात इतक्या बंदोबस्तात कुणाचं रक्त गेलं नसेल.

राग आला हे लपवत नाही. तीन दिवस जेवलो नाही म्हणणार होतो, पण इथे सगळी नोंद असते, तुम्ही पडताळून पाहाल. तेव्हा खरं सांगतो, एक दिवस जेवलो नाही.

पण काका, तुम्ही तेहेतीस वर्षं माल तपासलात आणि एक साधी गोष्ट तुमच्या ध्यानात येऊ नये? मी एकेचाळीस खोटी प्रमाणपत्रं केली. एकावर तरी वय चुकलं होतं का? शिक्का अर्धा होता का? दोन शाया होत्या का? पोलिसांच्या तज्ज्ञालाही ती अस्सल वाटली. मी पकडला गेलो तो एक पोरगा पेढे द्यायला तुमच्या घरी आला आणि बनियनवरचा तुमचा फोटो काढून ‘आमचे जनरल मॅनेजर’ म्हणून त्याने नव्या कंपनीत दाखवला म्हणून. खोटा कागद करणारा माणूस घाबरलेला असतो, तो चूक करत नाही. चुका खऱ्या कागदात असतात, कारण खरा कागद करणाऱ्याला घरी जायची घाई असते. हा रिपोर्ट मी केला असता तर तुम्ही तो पहिल्या नजरेत पास केला असता.

बाई म्हणाल्या, यकृताला व्रण पडायला सुरुवात झाली आहे, पण अजून वेळ आहे. वेळ आहे म्हणजे वाया घालवायला आहे असं नाही, असंही म्हणाल्या. मला भीती वाटते काका. बराकीत हे कुणाला सांगता येत नाही.

फाईलची झेरॉक्स तेवढी पाठवा.

आपला,
दत्तू

काकूस : हो. खरंच आहे.


खडकी, पुणे
२२ एप्रिल २०१९

चि. दत्तप्रसाद यास,
आशीर्वाद.

पडताळणी होऊ दे. खरं असेल तर पडताळणीला घाबरायचं कारण नाही. खोट्या कागदांविषयीचं तुझं व्याख्यान वाचलं. हे ज्ञान मिळवायला तू जी फी भरलीस ती पाहता ते फुकट दिल्याबद्दल आभारी आहे.

फाईलची झेरॉक्स सोबत आहे. अपघात कसा झाला ते तुला आठवतच असेल : सर्पोद्यान पाहून परत येताना खडीवर स्कूटर घसरली, तुझं मांडीचं हाड मोडलं, रक्त फार गेलं. रक्त कुणी दिलं हे पुन्हा लिहीत नाही. तुझ्या डॉक्टरबाईंना त्याविषयी काही शंका असल्यास त्यांनी मला लेखी कळवावं. मी लेखी उत्तर देईन.

आमच्या गेटसमोर केबलसाठी रस्ता खोदून ठेवला आहे. त्याबद्दल महापालिकेला तिसरं पत्र लिहितो आहे, म्हणून इथेच थांबतो.

माझी प्रकृती उत्तम.

रं. शं. शेडगे

दत्तू, तुझं पत्र आल्यावर हे तीन दिवस ती फाईल घेऊन बसले होते. मी इचारलं तर म्हणाले, पानांचे नंबर लावतोय. नंबर लावलेलेच होते रे. – काकू


कारागृहातून
१९ मे २०१९

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

अभिनंदन. पडताळणी पूर्ण झाली आणि मी पुन्हा एकदा आजारी ठरलो. या वेळच्या रिपोर्टावर वय बरोबर आहे, शिक्का गोल आहे, सह्या पाच आहेत. तुम्हाला आवडेल असा आहे. खरं सांगू? इतका नेटका कागद पाहून मलाच क्षणभर संशय आला.

उद्यापासून गोळ्या. संपतच्या निम्म्याहून जास्त संपल्या. त्याने मला सगळं समजावलं : पहिला आठवडा मळमळतं, डोकं दुखतं, पण चुकवायची नाही, रोज एकाच वेळी घ्यायची. हे सांगताना तो जिल्हा शल्यचिकित्सक असल्यासारखा बोलत होता.

फाईल मिळाली. बाईंनी बारकाईने वाचली आणि मला विचारलं, “आठवं पान कुठंय?” मी पाहिलं. सातनंतर एकदम नऊ. काका, तुमच्या फाईलीतून पान गळतं हे माझ्या लक्षातच आलं नसतं, कारण तशी शक्यता मी धरलीच नव्हती.

आठव्या पानावर काय असेल याचा बाईंनी अंदाज केला. १९९७ साली रक्तदात्याची या रोगासाठी तपासणी होत नव्हती, तशी सक्ती पुढे २००१ साली आली. त्यामुळे तेव्हाच्या रक्तातून अनेकांना हा रोग झाला. देणाऱ्यालाही कळलं नाही, घेणाऱ्यालाही नाही. माझंही बहुधा तसंच असावं. माझ्या अंगात तुमचं रक्त आहे असं तुम्ही दर वाढदिवसाला म्हणत होता. बाई म्हणतात, ते अजून आहे.

मी दोष देत नाही. फक्त एकच विनंती. तुम्ही तपासणी करून घ्या. एक सुई, एक थेंब. सरकारी दवाखान्यात बाहेरच्यांनाही फुकट आहे. काकू लिहिते पाय सुजतात. ते उन्हाने नाही, काका.

आपला,
दत्तू


खडकी
१७ जून २०१९

चि. दत्तूस काकूचे अनेक आशीर्वाद.

ह्या वेळेला सगळं पत्र माझंच हाय. ह्यांनी लिहिलं नाही, आणि मी लिहितेय ते त्यांना ठाऊक नाही. माझं खडकवासल्याकडचं बोलणं, शुद्ध लिहायला जमत नाही, तू समजून घे.

तुझं पत्र ह्यांनी दहा वेळा तरी वाचलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा खाली काढल्या. पुसायच्यात म्हणाले. पुसल्या, पण परत लावल्या नाहीत. पलंगाखाली उलट्या करून ठेवल्यात. भिंतीवर आता सव्वीस चौकोन दिसतात. महापालिकेला पत्रं लिहायचं थांबलंय. रस्ता अजून खोदलेलाच हाय. त्याच्यावरून सांगते, माणसाचं काहीतरी बिनसलंय.

दोनदा दवाखान्यात जातो म्हणून गेले आणि फाटकावरून परत आले. एकदा म्हणाले रांग मोठी, एकदा म्हणाले सुट्टी. दवाखान्याशेजारच्या आनंदीवहिनीला मी फोन करून इचारलं, सुट्टी नव्हती.

मग मी आठवं पान शोधलं. उशीच्या अभ्र्यात होतं. बाळा, त्या पानावर ह्यांचं नाव हाय आणि खाली डॉक्टरनं लिहिलंय की रक्तदात्याच्या यकृताचा आकडा वाढलेला आला, महिन्याभरात परत तपासून घ्यावा. रक्त तर तुला आधीच चढवलं होतं, आकडा मागून आला. पण ह्यांनी परत तपासलं नाही. “एकदा पास झालेला माल मी पुन्हा कशाला दाखवू?” असं तेव्हा म्हणाले होते, मला आता आठवलं. त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांत सहा वेळा आणखी रक्त दिलं, पुढं बी. पी.ची गोळी लागली तेव्हा थांबले.

पान हातात घेऊन मी समोर उभी राहिले तर म्हणाले, “कौशल्या, स्कूटर घसरली नव्हती. मी मागं वळून त्याला ओरडत होतो, नीट धरून बस म्हणून. आणि मग मीच त्याला हे रक्त दिलं. आणि परवा मीच त्याचं औषध थांबवलं.” पन्नास वर्षांत हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता. मी चहा टाकला.

माझं ते ऐकत नाहीत. डॉक्टरचं ऐकायला जात नाहीत. तू काहीतरी लिही. रागावलास तरी चालंल. पान सोबत पाठवलंय. ते जागेवर नाही हे त्यांना कळंल, कळू दे.

काकू


कारागृहातून
२ जुलै २०१९

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

आठवं पान मिळालं. रागावून पाहिलं, जमलं नाही. सहावा आठवडा संपला आहे, मळमळ थांबली आहे, भूक लागते. जेवण तेच आहे, भूक तेवढी नवीन.

स्कूटरचं मला ठाऊक आहे. मी मागे बसून सापासारखे हात सोडून डोलत होतो. तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं. बावीस वर्षं तुम्ही खडीला दोष देत आलात, मी गप्प राहिलो, कारण खरं निघालं असतं तर डोलल्याबद्दल मार मिळाला असता. तेव्हा त्या प्रकरणात आपण दोघंही सारखे.

मला तुम्हाला समजावता येत नाही. मला एकच गोष्ट येते आणि तिच्यापायी मी इथे आहे. तरी तीच करतो. अधीक्षकसाहेबांची परवानगी घेतली आहे. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “हे जाऊ दे.”

अनुभव प्रमाणपत्र

प्रमाणित करण्यात येते की श्री. रंगराव शंकर शेडगे यांनी १९९७ साली दिलेल्या एक बाटली रक्तावर मी, दत्तप्रसाद विष्णू शेडगे, वय ४३, आजतागायत चालत आलो आहे. ते त्या दिवशी मिळालं नसतं तर मी अकराव्या वर्षीच संपलो असतो, असं त्यांच्याच फाईलीच्या पाचव्या पानावर नमूद आहे. सदर रक्तात एक दोष होता. तो आता दुरुस्त होत आहे. सदर रक्ताबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. मात्र देणाऱ्याने स्वतःचा दोष दुरुस्त करून न घेतल्यास माझी तक्रार राहील आणि ती मी रजिस्टर पोस्टाने करीन. हे प्रमाणपत्र त्यांच्या विनंतीवरून दिलेलं नाही.

सही : द. वि. शेडगे

काका, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं प्रमाणपत्र ज्यावर मी स्वतःची सही केली. वय मुद्दाम चुकवलं आहे, म्हणजे कागद खरा वाटेल.

फाटकाच्या आत जा. रांग असेल तर रांगेत उभे राहा. झाडाची सावली असेल तर उत्तमच.

आपला,
दत्तू


खडकी, पुणे
२० ऑगस्ट २०१९

चि. दत्तप्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तपासण्या चालल्या होत्या.

रांग होती. सावली नव्हती. माझा नंबर आल्यावर तिथल्या मुलीने, राजनंदिनी नाव तिचं, माझं बोट धरलं आणि म्हणाली, “आजोबा, घाबरू नका.” मी सांगितलं, मी रक्तदाता आहे, सव्वीस वेळा. ती म्हणाली, “अरे वा!” त्या ‘अरे वा’नंतर मला तिच्याकडे पाहता येईना.

रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर माझं नाव ‘रंगनाथ’ पडलं आहे. शिक्का उलटा आहे. तारीख आदल्या दिवसाची आहे, म्हणजे मी रक्त देण्याआधीच रिपोर्ट तयार होता. तपासणी विभागात असा कागद माझ्यासमोर आला असता तर मी तो आणणाऱ्याच्या अंगावर फेकला असता. मी तो घडी घालून खिशात ठेवला. खरा आहे.

यकृत तुझ्यापेक्षा बरंच जास्त बिघडलं आहे, त्यामुळे माझा औषधांचा कोर्स तुझ्याहून मोठा. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला आहे, पण फार नाही. रोग कुठून आला असेल तेही विचारलं. तरुणपणी गावच्या जत्रेआधी सगळ्यांना पटकीची सुई टोचत. एकच सुई, अख्खं गाव. मी नेहमी रांगेत पहिला असे, पण एका वर्षी शेवटचा होतो. तिथून असेल, नसेलही. त्याचा कागद नाही.

त्या आठव्या पानानंतर मी आणखी सहा वेळा रक्त दिलं. त्या सहा बाटल्या कुणाच्या अंगात गेल्या ते मला माहीत नाही. सहाही वेळा मला प्रमाणपत्र मिळालं, वर टाळ्या मिळाल्या. त्या रक्तपेढ्यांना तारखांसह पत्रं लिहिली आहेत की ज्यांना ते रक्त दिलं त्यांचा शोध घेऊन त्यांची तपासणी व्हावी. इतक्या जुन्या नोंदी नाहीत असं एकीचं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं आहे. रस्ता खोदणाऱ्यांना मी जितकी पत्रं लिहिली त्याहून जास्त लिहीन. मला झोप नीट लागत नाही, हे तुला सांगून ठेवतो, काकूला सांगू नकोस. अर्थात हे पत्र पेटीत तीच टाकणार आहे.

अधीक्षकसाहेबांना माझं मार्चचं पत्र मागे घेत असल्याचं कळवलं आहे. प्रत तुझ्या माहितीसाठी. त्यांनी ते तुला वाचून दाखवावं अशी विनंती केली आहे, शुद्धलेखन या वेळीही तपासलं आहे.

एक हिशोब मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तू माझी खोटी सही एकेचाळीस वेळा केलीस आणि एकेचाळीस पोरांना नोकऱ्या लागल्या. मी माझी खरी सही एकदाच केली आणि तुझं औषध आठ आठवडे थांबलं. तू केलंस ते चूकच होतं, आणि त्याबद्दल तू आत आहेस. मी केलं त्याबद्दल मला कुणी आत घातलेलं नाही. तेव्हा ते मीच इथे लिहून देतो : चुकलो.

भिंतीवर आता एकच फ्रेम आहे. तुझ्या काकूने तुझा कागद तिच्यात घातला. वय दुरुस्त करून घ्यावं असं मी सुचवलं, तिने ऐकलं नाही. येणारे-जाणारे वाचतात आणि विचारतात, हा दत्तप्रसाद कोण? मी सांगतो.

तुझ्या गोळ्या ११ तारखेला संपल्या असतील. माझ्या कालपासून सुरू झाल्या, सकाळी आठला. मळमळतं. डोकं दुखतं. संपतने सांगितलेलं सगळं बरोबर आहे असं त्याला कळव. मला असला पुतण्या आहे हेही त्याला सांग.

नोव्हेंबरमध्ये तुझी शेवटची तपासणी होईल. रिपोर्ट आला की पाठव. शिक्का बघणार नाही. जानेवारीत सुटलास की सरळ इकडेच ये. पत्ता तुला माहीत आहे, तिथे तुझी एक कंपनी आहे.

तुझा,
आर. एस. शेडगे
जनरल मॅनेजर